बिनराण्यांचा कॅट

पेलोतासला जुलैत भिंतींना घाम फुटतो.
पायाशी हीटर, मांडीवर मांजर,
आणि पडद्यावर, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी,
इस्पिकची राणी. तिच्या शेजारी चौकटची.

मी दीड डॉलर लावला. सगळे पळाले.
उरला छोट्या ब्लाइंडवरचा एकटा "वाल्रस४१".
त्याने साडेपाच केले.
झटक्यात. विचार न करता,
किंवा विचार आधीच करून ठेवल्यासारखे.

वीस सेकंद.

दिवसभर मी कवळ्या बनवते.
आधी मेणात, मग गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये, दुसऱ्यांच्या हिरड्या.
साचा हातात आला की मला कळतं
कोण झोपेत दात खातो,
कोण एकाच बाजूने चावतो
आणि दुसरीकडचं दुखणं कुणाला सांगत नाही.
या वाल्रसला तोंडच नाही.
एक निळं वर्तुळ, त्यात कुणीतरी काढलेले दोन सुळे.

सतरा.

आमच्या घरी त्रुको चालायचा, स्पॅनिश पत्त्यांचा.
त्या कॅटात राणी नसतेच.
गुलाम, घोडेस्वार, राजा. संपलं.
बाबा आणि देओक्लेसियोकाका टेबलावर मूठ आपटून ओरडायचे,
हातात काही नसलं की जरा जास्तच.
मागे आई आणि नाइरआत्या उभ्या,
मातेच्या भोपळ्यात गरम पाणी ओतायला, किटली धरून.
त्या दोघींना सगळ्यांचे पत्ते दिसायचे.
दोघी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

तेरा.

चौदा डॉलर कर, आतलं कुणीतरी म्हणतं.
केले तर दश्श्या पळतील, नव्व्या पळतील,
ज्यांना मी आत्ता या घडीला मारतेय त्या सगळ्या,
आणि थांबतील फक्त राजे नि एक्के.
म्हणजे पाहुण्यांना हाकलायचं
आणि चोराला पाटावर बसवून वाढायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय.
पण माझी मूठ पन्नास डॉलरची,
आणि झाकूनच ठेवली
तर पुढच्या तीन पत्त्यांत एखादा मुकुट निघाला
की सव्वा रुपयाचीही उरायची नाही.

नऊ. घड्याळ लाल झालं.
मांजराने एक कान हलवला, तेवढंच.

गेल्या महिन्यात याच दोघींना घेऊन
मी सगळंच मधे लोटलं होतं. समोर राजांची जोडी निघाली.
ते आठवून आज खेळू नये, हे मला माहीत आहे.
माहीत असण्याचा बोटाला काही उपयोग होत नाही.

चार.

आई काय करायची?
भोपळा पुढे आला तरी लगेच ओतायची नाही.
किटली खालीही ठेवायची नाही.
कोण किती आवाज करतोय, ते ऐकत राहायची.

मी कॉल दाबलं.

अठ्ठी. तिर्री.
आणि बदामचा राजा.
अर्थातच.

आता वाल्रस धाडकन पैसे टाकेल, मला वाटलं.
टाकले नाहीत.
मघाशी पापणी लवेपर्यंतही न थांबलेला हा
आता अकरा सेकंद गप्प.
मग: चेक.

हसूच आलं मला, एकटीला, स्वयंपाकघरात.
घाबरलायस, की घाबरल्याचं सोंग?
की तूही कुठल्याशा थंड खोलीत
दश्श्या कवटाळून याच राजाकडे पाहतोयस?
कुठेतरी, रीगात म्हणा, मानाउसमध्ये म्हणा,
एक जबडा आत्ता आवळलेला आहे.
साचा पाठव, बाबा. लगेच सांगते.

सकाळी आठला वाल्दोमिरोंची वरची कवळी द्यायची आहे.
सुळा अजून घासायचा राहिलाय,
त्यांना तो थोडा वाकडाच हवाय, पहिल्यासारखा.

वीस सेकंद पुन्हा सुरू झाले.
माझी पाळी.
राण्या दोघी उभ्याच आहेत, तोंड मिटून,
आणि किटली भरलेली.