कंपनीतून आली तशी

मकरपुरा जीआयडीसीत, पावडर कोटिंगवाल्याच्या शेजारी
तनुजानं गाळा घेतला तेव्हा म्हणाली,
मामी, भाव तू काढ.
मी एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात कॉस्टिंग केलेलं.
एका इंपेलरमागे किती पितळ, किती वीज,
किती मिनिटं शांतिलालची,
झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

पण इथे माल कुठला?
गाडी येते तशीच जाते, एक नट बदलत नाही.
ही लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खोचते,
आकड्यांच्या जाळीतले
काही आकडे वर करते, काही खाली,
आणि गाडी म्हणे तीस घोडे जास्त ओढते.
घोडे आले कुठून, विचारलं.
आतच होते, म्हणाली. कंपनीनं बांधून ठेवलेले.

आतच होते त्याचा भाव कसा काढायचा?

तरी काढला.
गाळ्याचं भाडं धरलं, डायनोचा हप्ता धरला,
तिचे बंगळुरूचे दोन कोर्स,
शिकताना जाळलेला एक टर्बो
(तो तिनं सांगितला नव्हता, बिलांत सापडला),
आणि कानाचे.
कानाचे म्हणजे?
इंजिन ठोकायला लागायच्या आधी तुला ऐकू येतं ना, त्याचे.
दोन रात्री घालवून पाटी झाली:
स्टेज वन, चोवीस हजार.
स्टेज टू, एकोणपन्नास. पाइप वेगळा.
डायनोचे तीन फेरे, साडेतीन हजार.
हमी विचारू नये.

शेवटचं वाक्य माझं.

लोक येत, पाटी वाचून हसत.
हायवेवर एक जण आठ हजारांत करतो, एक म्हणाला,
टपरीवर चहा येईपर्यंत.
मग तिथेच करा, तनुजा म्हणाली.
मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.
महिन्याभरात गाड्या आल्या पाच,
त्यातल्या दोन तिच्याच मित्रांच्या,
त्यांच्याकडून घेतले का, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग दांडिया बाजारातून घोरपडेकाका आले
निळ्या पोलोला दुसऱ्या गियरमध्ये रडवत.
गाडी मुलाची. मुलगा कॅनडात.
ही फार पळते हो, म्हणाले.
पाय ठेवला की पुढच्याच्या डिकीत.
मला फक्त भाजी आणायची असते.
कंपनीतून आली तशी करून द्या. किती?

तनुजानं माझ्याकडे पाहिलं.
पाटीवर सगळे वर जायचे भाव,
खाली यायचा नव्हताच.

काढून टाकण्याआधी मोजून ठेवते, म्हणाली,
आणि पोलो रोलरवर बांधली.
काका भिंतीला टेकून, हातात कापडी पिशवी.
गाडी जागच्या जागी पळत सुटली,
पत्रे थरथरले, पावडर कोटिंगवाला बाहेर आला.
पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी.
एवढी? काका म्हणाले.
एवढी.
आणि तो मला सांगायचा, बाबा, ऐंशीच्या वर नेत नाही.
हसले की काय केलं ते आवाजात कळलं नाही.

फुकट करू का, मामी? तनुजा कानात.
मी कागद ओढला. अर्धा तास मशीन, वीज, ती स्वतः.
पंधराशे, म्हणाले मी.
हजार, काका म्हणाले.
तेराशेवर तुटलं,
आणि भाव झाल्यावर ते जरा सैल झाले,
सेव-उसळ मागवू का म्हणाले, त्यांच्याकडून.

निघताना काच खाली केली.
त्याचं जे होतं, ते पुसलंत का?
नाही, काका. फाइल आहे माझ्याकडे.
किती दिवस राहील?
राहील, तनुजा म्हणाली.

संध्याकाळी वहीत तेराशे जमा मांडले.
पुढे एक रकाना आखला, वर लिहिलं: ठेवणावळ.
शिसपेन्सिल तशीच धरून बसले,
मग तिला टोक काढलं,
मग शटर ओढायची वेळ झाली.
रकाना रिकामा आहे.
मार्चमध्ये ऑडिटवाला विचारेल.