उणे सात

गच्चीवर एक तापमापी, एक आतल्या खोलीत.
पाचपावलीतल्या मे महिन्याचे
पाचशे चार आकडे इकडे,
पाचशे चार तिकडे.

एक रांग जागेवर ठेवायची,
दुसरी एकेक घर सरकवायची,
समोरासमोरचे गुणायचे, बेरीज लिहायची.
लूप चार ओळींचा.
कूलरचं पाणी संपेपर्यंत तीनदा चुकला.

आधी सरासरी वजा करायची राहिली,
तर कुठेही सरकवा, सगळंच सगळ्याशी जुळे.
शेहेचाळीस अंशांत तसंही वाटतंच.

मग शिखर आलं, टोकदार,
उणे सातवर.
म्हणजे खोली आधी तापते
आणि सात तासांनी गच्ची.

मायला सांगितलं.
चवळीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली,
"बरोबर त आहे. तुहा बाप होता तवा
असंच होये ह्या घरात."

चिन्ह उलटं पडलं होतं. दुरुस्त केलं : अधिक सात.
दुपारी दोनचं ऊन
विटांमधून चालत
रात्री नऊला आत पोचतं.

नऊला भिंतीला हात लावून पाहिला.
माय तिकडे पाठ करून झोपलेली.

उणे सातची फाईल
अजून पुसलेली नाही.