नगण्य

थर्सोत जूनमध्ये रात्र नीट होतच नाही.
साडेअकराला खिडकीशी, दिव्याशिवाय,
वाचते आहे एकोणऐंशी सालचा कागद.
माहितीच्या अधिकारात मागवला मीच,
शुक्रवारच्या साप्ताहिकाची बातमीदार, वय अडुसष्ट.
खाली सही आहे. तीही माझीच.

सोमवारी मर्डो गन आला होता कचेरीत.
शिंपल्यांची बादली ठेवली
इसोबेल संपादकबाईंच्या कॉफीशेजारी
आणि म्हणाला,
"खाऊ, विकू, की परत टाकू?"
चाळीस वर्षांत इतका नेमका प्रश्न
मला एकाही समितीने विचारला नव्हता.

तेव्हा पांढरा डगला, छातीवर फिल्मचा बिल्ला.
पंपांचा आवाज ऐकायचे
तापातल्या मुलाचा श्वास ऐकावा तसा.
सोडियमचं नि पाण्याचं भावकीचं वैर,
दोघांच्या मध्ये पत्र्याची एक भिंत,
आणि त्या भिंतीची जबाबदारी माझ्याकडे.

मग प्रयोगशाळा. नऊ वर्षं
एका सांध्यातल्या एका भेगेमागे.
ती वर्षाला केसाच्या दहाव्या भागाइतकी सरकायची.
मी तिच्याहूनही सावकाश.
लग्न मोडलं त्याच काळात; त्याची नोंद नाही.

मग लंडन.
तिथे आकडे रात्रभर भिजत घालतात,
बिरड्याच्या वालांसारखे,
सकाळी साल काढून मंत्र्यांच्या पानात.
मीही सोलले.
खोटं कशाला बोलू, हात चांगला होता माझा.

आणि आता इथे परत:
हरवलेला कुत्रा, शाळेचं गळकं छप्पर,
बोटीच्या धक्क्यावरचे बंद दिवे,
दोन महिन्यांतून एकदा ते केंद्र,
पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर.

तक्ता चार. समुद्रात सोडलेलं पाणी.
आकड्यापुढे शेरा. लिहिलाय इंग्रजीत,
पण मला तो ऐकू येतो मिरजेच्या वर्गातला,
डिग्रजकर मास्तर खडू आपटून म्हणायचे, विग्रह करा:
न गण्य.
मोजण्याजोगं नाही ते.

आणि मी तर मोजायलाच आले होते.

आकडा चुकलेला नाही.
तीनदा पडताळला आज, पेन्सिलीने, जुन्या रीतीने.
त्या दिवशीच्या यंत्रांना तेवढंच दिसत होतं.
चूक असती तर सोपं होतं,
चुकीची दुरुस्ती छापता येते, पान दोन, खालचा कोपरा.
शेऱ्याची कुठे छापतात?

इसोबेलला गुरुवारी दुपारपर्यंत चारशे शब्द हवेत.
पहिल्या परिच्छेदात मर्डोची बादली.
दुसऱ्यात माझं नाव, पूर्ण, हुद्द्यासकट.
ती काढायला सांगेल. नाही काढणार.

नमुने गेलेत तपासणीला. उरलेली बादली
मागच्या दारात, ओल्या गोणपाटाखाली.
अधूनमधून एखादा शिंपला
टक् करतो.

मग बराच वेळ काही नाही.
मग टक्.

कागद बाजूला ठेवून
मी मोजत बसते.