उतरा म्हणण्याआधी

प्रकल्पाचं नाव लांबलचक होतं.
केरबा चौगुल्यांना आम्ही एवढंच सांगितलं
की पुढं काय येणार, ते शोधतोय.
"मग जोतिषाकडं जायाचं की," ते म्हणाले,
"हितं गुऱ्हाळ हाय."

वडणग्याच्या शिवारात माघातली पहाट.
रंगराव चुलवाणात चिपाडं सारतोय,
काहिलीत रस उकळी धरतोय,
आणि इर्शाद मुजावर, आमचा एम.एस्सी.चा पोरगा,
केरबांच्या नाकावर चष्मा बसवतोय.
नजर कुठं जाते ते टिपणारा,
दीड लाखाचा, परदेशी,
वाफेनं सारखा धुरकटणारा.
"फडक्यानं पुसू नका, मामा."
"मग काय जिभेनं पुसू?"

माझ्या वहीत तीन रकाने:
शक्य. संभाव्य. हवंहवंसं.
वर साल, दोन हजार पन्नास.
मी विचारलं, तेव्हा काहिलीपाशी कोण उभं असेल?
यंत्र? की तुमचा नातू,
कानात तुमचा आवाज घालून?
केरबांनी मळी काढता काढता ऐकलं.
"बाई, मला म्होरचं दिसतं,
पर चाळीस आकडे मोजंस्तवरचं.
तेवढ्यात पाक हितनं तितं जातो.
त्याच्या पल्याड माझी नजर न्हाई."

मग बुडबुडे जड झाले.
"उतरा!"
चौघांनी काहील वाफ्यावर कलंडली.
गूळ असा आला की रंगराव न बोलता हसला.

लॅपटॉपवर हिरवा ठिपका म्हणजे त्यांची नजर.
तो काहिलीत हिंडला, कडेला टेकला,
आणि "उतरा"च्या दोन सेकंद आधी
सरळ निघून गेला भिंतीवर.
तिथं काही नव्हतं. एक खिळा,
खिळ्याला जुनं पोतं.
इर्शादनं तीनदा मागं नेऊन बघितलं.
मी लिहिलं: निर्णय डोळ्यांत नाही.
वास? आवाज? पोटरीला लागणारी धग?
मेंदू म्हणे सतत अंदाज बांधत असतो,
जग फक्त चुका दुरुस्त करतं.
वाक्य आवडलं. खाली रेघ ओढली.

चूक माझीच. मी ते त्यांना दाखवलं.
केरबा पडद्याशी वाकले,
आपल्याच घोरण्याचं रेकॉर्डिंग ऐकावं
तसे बघत राहिले.
"मी तिकडं कशाला बघालोय रं, रंगा?"
रंगरावाला काय माहीत.

दुसरी काहील चढली.
बुडबुडे जड झाले.
भिंतीकडं बघायचं नाही म्हणून
केरबा काहिलीत बघत होते,
मग बघायचं म्हणून भिंतीकडं.
पोत्याकडं. परत काहिलीकडं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
कुणीच "उतरा" म्हणालं नाही
वेळेवर.

गूळ काळपट आला, कडेनं करपट वासाचा.
त्यांनी शिवी दिली नाही.
चष्मा काढून इर्शादच्या हातात ठेवला,
दुसऱ्याचं मूल परत द्यावं तसा.
खिळ्यावरचं पोतं ओढून रंगरावाकडं फेकलं.
"जाळ ह्ये."
जरा वेळानं,
"ऱ्हाऊ दे. लाव परत."

त्यातली एक ढेप मी विकत घेतली.
मार्केट यार्डात तिला कुणी विचारलं नसतं.
अहवालातही तिच्यासाठी रकाना नव्हता.
एका मसुद्यात लिहिलं होतं,
आम्ही उद्या बघायला गेलो
आणि त्याच्यावरच पाय दिला.
खोडलं. अतिशयोक्ती वाटली.

आता आषाढ. सागरमाळावरच्या ऑफिसात
ढेप कपाटावर पाझरतीय,
दोन हजार पन्नासची पानं
एकमेकांना चिकटलीत.
इर्शाद म्हणतो, मॅडम, खडूची रेघ मारूया,
मुंग्या येतील.
मी वर बघते.
आल्यात.
कपाटामागच्या भिंतीवरनं,
जिथं काहीच नाही.