पाण्याचा आवाज

कांचीता, म्हणजे आमच्याकडे लाही.
तव्यावरच्या मक्यासारखी उडायचीस पिल्लू असताना,
म्हणून योएलने ठेवलेलं नाव.
आता गच्चीवर उडतेस
ती साखळीपुरतीच.

आमच्या आरेकिपात ओढे वर्षभर कोरडे.
गादीच्या स्प्रिंगा, कोंबड्यांची पिसं,
आणि ज्यांना कुणी नावानं हाक मारत नाही अशी कुत्री
एका वस्तीतून दुसरीत जातात त्याच वाटेनं,
पाण्यानं जावं तशी.

त्या रविवारी शाळेच्या फाटकाशी लस होती, फुकट.
भोंगा गल्लीभर ओरडत गेला.
मी ऐकलं. खोटं कशाला बोलू.
पण रविवारीच तर खपतं माझं केसो हेलादो.
नाव चीजचं, आत चीज नाही;
दूध, खोबरं, वरून दालचिनी.
म्हटलं, पुढच्या वेळी नेऊ.

पुढच्या वेळेआधी तो आला,
तांबडा, एका कानाचा,
मान अशी तिरकी, जणू आतून कुणी बोलतंय.
भुंकला नाही. हाडासाठी नाही, कशासाठीच नाही.
चावला आणि चालत राहिला.
तुझ्या मानेवर दोन भोकं, मसुराएवढी.
योएलने पुसली. हातानंच.
त्या हाताच्या अंगठ्याला पतंगाच्या दोऱ्याची ताजी चीर.

तार्की नर्सबाई रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं
साबणानं धुवायला लावला अंगठा.
मग सुया : आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या.
योएलने तारखा मनगटावर पेनानं लिहिल्या.
सुईला रडला नाही.
"आणि तिला?" म्हणाला, तेव्हा रडला.

तुला टोचायला ती संध्याकाळी जिना चढून आली,
खांद्यावर पेटी, आतला बर्फ संपत आलेला.
मी माझ्या बादलीतला काढायला गेले.
"मिठाचा नको," ती म्हणाली, "गोठली तरी वाया."
मग वेगळा ठेवलेला दिला, साधा.
वीस वर्षं गारवा राखतेय, सेन्योरीता,
जरा ऊन लागलं की दूध नासतं.
"हीसुद्धा नासते," ती म्हणाली,
"फक्त वास येत नाही."

मग पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं.
आधीची लस असती तर आज एक सुई, थोडे दिवस नजर.
आता महिनेच्या महिने.
हात लावायचा नाही, कुणीच नाही.
"नाहीतर दुसरा मार्ग आहे,"
आणि ती मिस्तीच्या डोंगराकडे बघत राहिली.
मी म्हटलं, महिने.

शेजारच्या एलेउतेरिओने दुसऱ्याच दिवशी
आपली तिन्ही कुत्री एका दोरीला बांधून केंद्रावर नेली.
जाताना माझ्या दाराकडे बघितलं नाही.

आज एकोणचाळिसावा दिवस.
पहाटे, बर्फात भांडं फिरवायला बसण्याआधी,
काठीनं वाडगं सरकवते तुझ्यापुढे
आणि दाराआड थांबते.
खालच्या पायरीवर योएल, बूट हातात,
श्वास धरून.

साखळी हलते.
मग बराच वेळ काही नाही.

लप्.
लप् लप्.

योएल माझ्याकडे बघतो.
जा, म्हणते मी, शाळेला उशीर होतोय.