दोन बोटं

चोपड्यात, जिनिंगच्या मागच्या गल्लीत,
गिरणीवरच्या खोलीत बसून
मी समुद्र पुसते.
म्हणजे त्यातलं आजचं जे जे असेल ते:
खलाशाच्या मनगटावरचं घड्याळ,
डोलकाठीमागची क्रेनची तार,
क्षितिजावर उगाच उभं तेलाचं जहाज,
आणि एकदा, पाण्यावर हेलकावत आलेली
पाण्याची बाटली.
सेकंदाला चोवीस चित्रं.
एका घड्याळाला अडीच दिवस गेले.

खाली दादर दळली जाते तेव्हा
जमीन थरथरते, माउस थरथरतो,
लाटेची कड जराशी फाटते.
मुंबईहून निरोप येतो: खरी वाटते, अशीच ठेवा.

मी समुद्र पाहिलेला नाही.
माझा समुद्र लाइट गेली की जातो,
मे महिन्यात तर दिवसातून तीनदा.

त्या दुपारी नाना डबा घेऊन आला,
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
पूल होईस्तोवर तापीवर नाव त्याचीच,
झिपरू सपकाळेची.
पडद्यावर तीनशे वर्षांपूर्वीची गुराब होती,
बावीस तोफा, दीडशे माणसं,
शिडाला आग लागलेली.
मला वाटलं, आग बघेल.
तो खाली बघत होता,
लाकडाला पाणी लागतं तिथं.
"हाई नाव भुकी शे," म्हणाला.
"इतल्या तोफा, इतला मानसं,
आनि पानीले काहीच मालूम नही?"

मग भाकरी मोडता मोडता हिशेब सांगितला.
बैलजोडी चढली की तीन बोटं.
कापूस दिसायला डोंगर, बुडवतो एकच.
वऱ्हाड, चार.
आणि कुठल्याशा साली एक पोर
सासरहून एकटीच परत आली,
रात्री, पिशवीसुद्धा नव्हती हातात.
तीही चार.

तो गेल्यावर मी जहाज खाली घेतलं, दोन बोटं.
ते उतरलं तसा फेस चुकला,
सावली चुकली, वल्ह्यांची टोकं पाण्यात गेली,
सगळंच नव्याने बसवावं लागलं.
नऊ रात्री.
पैसे फ्रेमवर मिळतात, बोटांवर नाही.

मुंबईहून विचारलं,
आता बरोबर वाटतंय, काय बदललंत?
मी लिहिलं, काही नाही,
जेवू घातलं.
तेवढ्यात लाइट गेली.
ते उत्तर पोचलं की नाही, ठाऊक नाही.