काटा

माझं नाव इथे कुणाला लागत नाही.
गाडी डोंगर चढली की पोरं ओरडतात, 'मीज़ान आला!'
मीज़ान म्हणजे तराजू.
वीस-वीस किलोचे आठ ओतीव ठोकळे,
शिशाची सीलं, पकड, एक बारीक स्क्रूड्रायव्हर
आणि सरकारी वही.
एवढ्यावर चौदा वर्षं
मी सलालाचे काटे खरे करत फिरतो.

यंदा खरीफ आलाच नाही म्हणायचा.
खरीफ म्हणजे इथे पीक नव्हे, धुकं.
समुद्रावरून वर चढतं
आणि तीन महिने डोंगराला चिकटून ठिबकत राहतं.
यंदा थांबलं अकरा दिवस,
चपला न काढता दारातूनच वळणाऱ्या पाहुण्यासारखं.
गवत घोट्यापर्यंत आलं
आणि तिथूनच पिवळं पडलं.

मग गाईंपुढे वाळवलेल्या तारल्या.
मिरबातच्या वाळूतून पोती येतात.
गाय मासे खाते, हे पहिल्यांदा गावी सांगितलं
तेव्हा हर्णैची आत्या हसता हसता खोकायला लागली.
पण खाते.
काटे कडाकडा चावते, डोळे मिटून,
औषध घ्यावं तशी.
पोतं आठ रियालचं तेराला गेलंय.
मासाही खोल गेला म्हणतात.

हजार बैसांचा एक रियाल.
नवा होतो तेव्हा या नाण्याची गंमत वाटायची:
बैसा! जसं कुणी पाट मांडून म्हणतंय.
आता बाजारात नूरुलच्या फळीवर
खडूने लिहिलेला भाव रोज पुसला जातो.
गावठी गाईचं मटण
साडेतीन रियाल, चार, चार आठशे,
बैसा बैसा म्हणत उभाच.
बायका दोन किलो सांगायला तोंड उघडतात
आणि एक म्हणतात.
कुणी गोठलेल्या परदेशी खोक्याकडे वळतं, मान खाली घालून.
आमच्या खोलीत शुक्रवारच्या पातेल्यात
बटाटा वाढलाय. कुणी बोलत नाही.
रस्सा तेवढाच लाल.

काल बखीतच्या गोठ्यावर गेलो.
नूरुल गाय घ्यायला आला होता.
एक विकायची, तिच्यावर उरलेल्या आठ जगवायच्या.
लांबूनच बखीत म्हणाला, 'तुझा काटा खोटं बोलतो.'
मी आठही ठोकळे चढवले.
एकशे साठ.
सुई केसभर हलली नाही.
तो बराच वेळ सुईकडे बघत राहिला.
'मग गाय खोटी,' म्हणाला.

हमरा नाव तिचं. तांबूस, बुटकी,
मागच्या वर्षी याच फळ्यांवर दोनशे साठ भरली होती.
आता दोनशे आठ.
बखीतची आई, तफूल, जवळ आली.
हमराच्या मानेवरून हात फिरवत
जबाली बोलीत काहीबाही पुटपुटत राहिली
आणि बोलता बोलता रबरी चपलेतला एक पाय
काट्याच्या कडेवर टेकवला.

दोनशे सतरा.

नूरुलने सुईकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मी ठोकळे पेटीत ठेवत होतो,
एकेक, दोन्ही हातांनी,
निजलेलं पोर उचलावं तसा.
मापात पाप नको म्हणणारा बाप
माझ्या पाठीमागे उभा होता,
मी वळलो नाही.

नूरुलने वहीत लिहिलं: दोनशे बारा.
गाईचं नव्हे, पायाचंही नव्हे,
मधलंच काहीतरी.
बखीतने पैसे न मोजता आईकडे दिले.
तफूलने मोजले. दोनदा.
हमरा ट्रकात चढेना,
तर तारल्यांची एक मूठ पुढे धरली तिनेच.

मी सरकारी वहीत लिहिलं:
'काटा बरोबर आहे.' तारीख. सही.

उतरताना मोज्यात काहीतरी टोचत होतं.
तारलीचा काटा असणार.
सलालापर्यंत गाडी थांबवली नाही.